मोटर फिरंना झाली: कृष्णेतल्या एका होडीचं प्रकरण

मार्चचा दुसरा आठवडा होता. सकाळी साडेसातला तात्यांचा फोन आला. "मिस्त्री, होडीची मोटर फिरंना झालीया. पाचवर टाकली तरी गप्प. काल पोरगं नदीच्या मधोमध अडाकलं, वल्हं मारत कसंबसं काठाला आलं. एकानं बघितली, जळाली म्हणतोय. तुमी एकदा नजर टाका, मग नवीचं ठरवू."

माझं सांगलीत मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीचं वाइंडिंग नव्यानं करायचं, दुकान आहे. रोजचं काम म्हणजे जॅकवेलवरचे (नदीचं पाणी उचलायच्या विहिरींवरचे) पंप, विहिरीतले सबमर्सिबल, गुऱ्हाळाच्या मोटरी. होडीची बॅटरीवर चालणारी छोटी मोटर माझ्याकडे वर्षाकाठी एखादीच येते. पण दुकान टाकण्याआधी चार वर्षं मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली स्टार्टर आणि डायनॅमो उघडत होतो. या मोटरीचं आतलं अंग त्याच घराण्यातलं आहे, म्हणून मी हो म्हणालो.

होडी कशासाठी, ते आधी सांगायला हवं. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेवर सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे बरेच जॅकवेल आहेत. तात्या अशाच एका संस्थेचं काम बघतात. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं, उन्हाळा चढेल तसं केंदाळ (जलपर्णी) पसरतं आणि जॅकवेलच्या तोंडाशी येऊन बसतं. जाळीवर केंदाळ बसलं की पाणी कमी पडतं, पंप हवा ओढतो, आणि ऊस-हळदीची पाळी चुकते. पूर्वी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते ओढायची. पण या पट्ट्यात मगरी आहेत. काठावर ऊन खात पडलेली मगर इथल्या प्रत्येकानं पाहिली आहे, त्यामुळे आता पाण्यात उतरायला कोणी धजत नाही, आणि उतरूही नये. २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा हे जॅकवेल पार बुडाले होते. त्यानंतर संस्थेनं चौदा फुटी फायबरची होडी घेतली, आणि तीन वर्षांपूर्वी तिला मागच्या फळीवर ही विजेची मोटर लावली. होडी बंद म्हणजे कोणीतरी परत पाण्यात उतरणार, हे तात्यांच्या आवाजातच कळत होतं.

यंत्र कसलं आहे

१२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची मोटर. म्हणजे साधारण २५ किलोचा रेटा. वर हँडल आणि स्विच, मधे लांब नळी, खाली पाण्यात बुडणारा गोळा, त्या गोळ्यातच मोटर, आणि मागे प्लॅस्टिकचा पंखा. पुढे जायला पाच वेग, मागे यायला तीन. पूर्ण वेगात अशी मोटर ५० अँपिअरच्या आसपास ओढते. घरातल्या पंख्याच्या हिशेबानं विचार करणाऱ्याला हा आकडा खोटा वाटतो, पण तेवढ्याच ताकदीला व्होल्टेज कमी असलं की करंट जास्त लागतोच, आणि या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या करंटभोवतीच आहे.

आत कायमचे चुंबक, मधे आर्मेचर (तांब्याचे वेढे असलेला फिरणारा भाग), त्याच्या कम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, टेकून वीज पोचवणारे दोन कार्बन. खालचे वेग मिळवण्यासाठी मालिकेत एक रेझिस्टन्सची कॉइल घातलेली असते. पाचव्या वेगाला ती कॉइल बाजूला पडते आणि बॅटरी सरळ मोटरीला जोडली जाते. कॉइल गोळ्यातच असते, बाहेरच्या पाण्यानं थंड राहते. (अशा मोटरीचे नवे प्रकारही आहेत, त्यात कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ही तशी नव्हती.)

बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर. होडीला ती जड पडते, पण आपल्याकडे गावोगाव मिळते आणि पाणी घालून जपली तर टिकते. मला तिच्याबद्दल तक्रार नाही.

आधी विचारलं, मग मीटर काढला

घाटावर पोचलो तेव्हा होडी काठाला बांधलेली होती आणि तात्यांचा पुतण्या तिच्यात उकिडवा बसला होता. मी त्याला पहिला प्रश्न केला, "एकदम थांबली का हळूहळू?"

"एकदमच की काका. काल चालता चालता गप्पच झाली."

"त्याआधी काय कुरकुर?"

तो जरा थांबला. "म्हंजे महिनाभर एक-दोन-तीनवर उचलत नव्हती. पाचवर टाकून काठीनं पंख्याला ढोसलं की सुटायची. सुटली की मग पळायची."

"आणि हा ब्रेकर?" बॅटरीच्या प्लसपाशी ६० अँपिअरचा ब्रेकर बसवलेला होता, पण दोन्ही वायरी एकाच नटाखाली घेतल्या होत्या. ब्रेकर नुसता लटकत होता.

"तो सारखा उडत होता. म्हणून डायरेक्ट केलं."

"कधी?"

"झाले असतील की पंधरा-वीस दिवस."

हे तीन जबाब मी वहीत लिहून घेतले. आणि त्याखाली लगेच लिहिलं: "कॉइल गेली." कारण खालचे वेग बंद आणि पाचवा चालू, हे कॉइल जळाल्याचं अगदी पाठ्यपुस्तकी लक्षण आहे. इथं मी घाई केली. पोरानं सांगितलेल्या एका शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही, तो शब्द "ढोसलं". कॉइल गेलेली मोटर पाचव्या वेगाला कुणाच्या मदतीशिवाय झटक्यात सुटते, कारण तिथं कॉइल मधे नसतेच. काठीनं ढोसावं लागतं ते अंगानं जड झालेल्या मोटरीला. खालच्या वेगात कॉइलमुळे ताकद कमी मिळते, जड मोटर तेवढ्यावर उचलत नाही, वरच्या वेगात कशीबशी उचलते. दोन वेगळ्या आजारांचं तोंड एकसारखंच दिसतं, फरक त्या काठीत होता.

आधीच्या मेकॅनिकनं काय केलं होतं, तेही विचारलं. त्यानं मीटरनं बॅटरीवर १२.६ व्होल्ट पाहिले, मोटरीच्या वायरीच्या टोकाशीही १२.६ पाहिले. मग टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) वायरीवर टाकला, स्विच पाचवर नेला, टेस्टरनं शून्य दाखवलं. "व्होल्टेज येतंय, करंट घेत नाही, म्हणजे आतून जळाली," असा त्याचा हिशेब. वरवर पाहता यात चूक दिसत नाही. पण त्याचा टेस्टर साधा, एसीचा होता. एसीचा टाँग टेस्टर आत ट्रान्सफॉर्मरसारखा चालतो, त्याला बदलता करंट लागतो. बॅटरीच्या डीसी करंटवर तो कायम शून्यच दाखवणार, मग वायरीतून ५० अँपिअर का जाईनात. डीसी मोजणारा टेस्टर वेगळा येतो, त्यावर तसं लिहिलेलं असतं. त्या माणसाचा दोष मी फार मानत नाही, आपल्या भागात सगळं काम एसीचं असतं. पण त्या शून्यावर चांगली मोटर भंगारात जाणार होती.

१२.६ व्होल्ट दिसले म्हणजे आले असं नाही

बॅटरी आधी. मोकळी असताना १२.६४ व्होल्ट, हायड्रोमीटरनं (अॅसिडची घनता मोजायच्या नळीनं) सहाही घरांत १२३० ते १२४०. ट्युब्युलरला भरल्यावर एवढंच हवं. गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब तिच्यावर लावला, तर १२.५ला टिकून राहिली. बॅटरी शाबूत.

मग तोच बल्ब मोटरीच्या टोकाशी, प्लग काढून, वायरीच्या दोन टोकांवर लावला. बल्ब निखाऱ्यासारखा तांबूस पेटला आणि तिथंच अडला. मीटरवर ४.१ व्होल्ट. बल्ब काढला, परत १२.६. बल्ब लावला, ४.१.

पुतण्याला मी हे तीनदा करून दाखवलं, कारण या कामातली ही एक गोष्ट त्यानं डोळ्यांनी बघावी असं मला मनापासून वाटत होतं. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतला एकच केस (तांब्याची बारीक तार) जोडलेला उरला असला तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. नळ बंद ठेवून पाइपातला दाब मोजावा तसं ते आहे, पाइप चोंदलाय की नाही ते नळ सोडल्यावरच कळतं. बल्ब म्हणजे नळ सोडणं. स्वस्तातला तो बल्ब दोन वायरी जोडून पेटीत ठेवला, तर कित्येक मोटरी वाचतील.

मग बल्ब पेटता ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी वायरीवर पुढे पुढे सरकवत गेलो. प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट वाटेत सांडतायत ते दिसतं. पहिल्या हातभर वायरीत काही नाही. काळ्या टेपानं गुंडाळलेल्या जोडाच्या अलीकडे ०.०३. जोडाच्या पलीकडे ८.३.

टेप उलगडला. मोटरीच्या मूळ वायरी आखूड पडल्या म्हणून तीन मीटर सबमर्सिबलची चपटी केबल वाढवली होती, ४ चौरस मिलिमीटरची. जोड नुसता पिळलेला, ना लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा), ना कथलाचा डाग. मायनसच्या जोडातलं तांबं हिरवं पडलेलं, अर्धे केस काळे होऊन तुटलेले, आणि वरचं पीव्हीसी दोन बोटं रुंदीत वितळून परत घट्ट झालेलं. नखानं खरवडलं तर तुकडा निघाला, त्याच्या आतल्या बाजूला केसांचे वळ उमटलेले होते. हा जोड नुसता गंजलेला नव्हता, तो कितीतरी वेळा भाजून निघाला होता.

मोटर गप्प का झाली, याचं उत्तर इथं मिळालं. जोडात साडेतीन ओहमच्या घरातला अडथळा झाला होता. त्यातून मोटरीला तीन-साडेतीन अँपिअरच मिळत होते, त्यावर ती हुंकारही देत नाही. डीसीचा टाँग टेस्टर टाकून पाहिला, ३.४ दाखवले. शून्य नव्हतं.

तात्या म्हणाले, "मग जोड बांधला की झालं?"

खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण जोड भाजला कशानं? तीन वर्षं हाच जोड चालला. ब्रेकर गेल्या महिन्यातच का उडायला लागला? पाण्याच्या पंपावर फ्यूज उडाला तर शेतकरी जाड तार घालतो आणि चार दिवसांनी मोटर माझ्याकडे भरायला येते. ही तीच गोष्ट होती, फक्त बारा व्होल्टवर.

सरळ बॅटरीवर

होडीतून मोटर काढली, घाटावर पाण्यानं भरलेल्या पिंपात गोळा बुडवून पिंपाच्या काठाला आवळली. जाड जंपर केबलनं सरळ बॅटरीला जोडली, डीसी टेस्टर वायरीवर. पंख्याजवळ कुणाचा हात नाही हे बघून वेग एकवर टाकला. २१ अँपिअर, पंखा हलला नाही. तीनवर ३८. पाचवर "घुंऽई" असा दबका आवाज आला, पंखा पाव फेरा गेला आणि अडला, टेस्टर ९०च्या पुढे. सेकंदाच्या आत स्विच बंद केला. अडकलेल्या मोटरीला याहून जास्त वेळ करंट देऊ नये, तोच करंट आर्मेचर जाळतो.

आकडे पायरीपायरीनं वाढत गेले, म्हणजे कॉइलमधून करंट व्यवस्थित जातोय. वहीतलं "कॉइल गेली" मी तिथंच खोडलं. कार्बन, आर्मेचरलाही करंट मिळतोय. मोटर फिरायला बघतेय, तिला कोणीतरी धरून ठेवलंय.

बॅटरी सोडवली (पंख्याला हात लावण्याआधी बॅटरी सोडवायचीच, स्विच बंद आहे यावर भागत नाही), नट काढला, पंखा ओढला. पंख्यामागची आडवी पिन धड होती. ती तुटली असती तर उलटा प्रकार झाला असता, मोटर आत गरगर फिरली असती आणि पंखा जागच्या जागी राहिला असता.

पंख्याच्या मागे, शाफ्ट गोळ्यात शिरतो तिथं, एक काळपट कडं बसलेलं होतं. आधी मला तो वॉशर वाटला. नखानं टोक सापडेना. ब्लेडनं एक कडा उचकटली तेव्हा कळलं, ते तंगूस होतं. मासेमारीच्या तुटक्या जाळ्याचा नायलॉनचा धागा, त्यात केंदाळाची मुळं आणि काळी गाळमाती, सगळं फिरून फिरून इतकं आवळलेलं की वितळून एकजीव झाल्यासारखं. पुतण्या एक टोक धरून मागे मागे सरकत गेला, मी शाफ्ट उलटा फिरवत गेलो. दोन वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर म्हणजे एक वाव) तंगूस निघालं. शेवटचे आठ-दहा वेढे सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठाच्या आत शिरलेले होते. धागा निघाला तसा त्याच्या मागून तांबूस पाण्याचा एक थेंब बाहेर आला, मग दुसरा.

तो थेंब बघितल्यावर तात्या काही बोलले नाहीत. पंपाच्या सीलमधून पाणी मोटरीत गेलं की काय होतं, ते त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे.

दुकानात

गोळा दोन लांब बोल्टांवर जोडलेला असतो. खोलण्याआधी तिन्ही भागांवरून एक आडवी रेघ मारली. ही रेघ विसरलं तर बसवताना अर्धा तास जातो. मागचं टोपण ओढलं की चुंबक आर्मेचर सोडत नाही आणि सोडतं तेव्हा झटक्यात, म्हणून एका हातानं शाफ्ट दाबून धरावा लागतो.

आत चमचा-दोन चमचे गंजाचं पाणी होतं. मागच्या बाजूचं बेअरिंग गंजून खरखरीत झालेलं, हातानं फिरवलं तर टप्प्याटप्प्यानं फिरत होतं. एक कार्बन आपल्या खाचेत मोकळा, दुसरा गंजानं जाम. त्याची स्प्रिंग त्याला ढकलत होती पण तो पुढे सरकत नव्हता. कम्युटेटर काळा. चुंबकांच्या कडेनं पत्र्यावर गंजाचे फोड, पण चुंबक जागचे हलले नव्हते. लाकडी ठोकळ्यानं टिचक्या मारून आवाज ऐकला, सगळे घट्ट. हा मोठाच दिलासा होता. आणखी एक पावसाळा तसाच गेला असता, तर गंजानं चुंबक पत्र्यापासून उचलले असते आणि आर्मेचरला घासले असते. मग मात्र मोटर सोडून द्यावी लागते.

आर्मेचरचं कॉपर ते शाफ्ट, जिथं वाट असताच कामा नये, तिथं मीटरवर जेमतेम ३ किलोओहम. ओलावा. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा मोह आवरला, ओल्या आर्मेचरला ५०० व्होल्ट देणं म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं. पत्र्याच्या डब्यात २०० वॅटच्या बल्बखाली रात्रभर ठेवलं. सकाळी मीटरला काही दिसेना, म्हणजे अनेक मेगओहम. मग ग्राउलरवर (आर्मेचरमधला शॉर्ट शोधायच्या चुंबकी यंत्रावर) ठेवलं आणि करवतीचं पातं एकेका खाचेवरून फिरवलं. वेढे आपसात शॉर्ट असते तर पातं त्या खाचेवर थरथरलं असतं. सगळ्या खाचांवर पातं गप्प राहिलं. "जळालेली" मोटर जळालेली नव्हती.

बाकीचं काम सरावाचं. बेअरिंग नवं, कार्बन घासून मोकळे, स्प्रिंगा बदलल्या. कम्युटेटर बारीक काचपेपरनं साफ केला (एमरीनं करू नये, तिची कणी पट्ट्यांमधे अडकते आणि करंट वाहून नेते), पट्ट्यांमधला मायका करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं किंचित खाली घेतला.

सीलवर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवला. जुनं सील काढल्यावर शाफ्टवर, जिथं त्याचा ओठ टेकत होता, तिथं तंगसानं केसाएवढी खाच पाडलेली बोटाला जाणवत होती. नवं सील त्याच जागी बसवलं असतं तर नवा ओठ त्या जुन्या खाचेवर टेकला असता आणि महिन्यात परत पाणी आलं असतं. म्हणून सील मिलिमीटरभर कमी आत ठोकलं. ओठ शाफ्टच्या कोऱ्या भागावर आला. ओठाला ग्रीस, टोपणाच्या रबरी रिंगा नव्या. शाफ्टच्या टोकावरून सील सरकवताना पिनच्या भोकाची धारदार कड ओठ कापते, तिथं सेलोटेपचा एक वेढा घालून मग सील सरकवलं आणि टेप काढून घेतला.

कार्बन मागे धरून आर्मेचर बसवायला दोन हात पुरत नाहीत. पत्र्याची एक पट्टी इंग्रजी यू सारखी वाकवून दोन्ही कार्बन मागे दाबून धरले, कम्युटेटर आत गेला, पट्टी ओढून घेतली. "टक" असा दोन्ही कार्बनांचा आवाज आला की समजायचं.

बोल्ट आवळल्यावर पंखा लावून एक साधी परीक्षा केली. मोटरीच्या दोन्ही वायरी मोकळ्या ठेवून पंखा बोटानं फिरवला, सहज फिरला. मग त्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या, वेग पाचवर ठेवला आणि परत फिरवला. आता पंखा मधात फिरवल्यासारखा जड. मोटर स्वतः वीज तयार करते, ती स्वतःच्याच वायरीतून फिरते आणि मोटरीला अडवते. म्हणजे स्विचपासून कार्बन, आर्मेचरपर्यंत सगळी वाट जोडलेली आहे. दोन्ही वेळा हलका लागला तर वाट कुठंतरी तुटलेली. वायरी मोकळ्या असतानाही जड लागला तर आत शॉर्ट, नाहीतर काहीतरी अडकलेलं. मीटर नसला तरी नदीकाठी एवढं कुणालाही करता येतं.

पिंपात अर्धा तास चालवली, रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी वायर ते बॉडी मीटर लावला. काही नाही, कोरडी.

आधी काय, मग काय

कामाला लागलेला वेळ तीन दिवस, पण तात्यांना मी बसवून जे सांगितलं ते दहा मिनिटांचं होतं, आणि या सगळ्या प्रकरणात मला तेच महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात वायरीपासून झालीच नव्हती. आधी तंगूस गुंडाळलं गेलं. मोटर जड झाली, तशी जास्त करंट ओढू लागली. तंगसानं सील कापलं, पाणी आत, बेअरिंग गंजलं, मोटर आणखी जड. खालच्या वेगांवर उचलेना. मग ब्रेकर उडू लागला. तो बिघडला नव्हता, साठच्या वर करंट गेला की उडायचं एवढंच त्याचं काम, ते तो चोख करत होता. त्याला डायरेक्ट केल्यावर तो जादा करंट त्या बारीक केबलच्या पिळलेल्या जोडातून जाऊ लागला. जोड रोज तापला, गंजला, वितळला. आणि शेवटी नदीच्या मधोमध जोडानं साथ सोडली. मोटर थांबली ती जोडापाशी, बिघडली होती ती सीलपाशी. जोड नीट बांधून होडी सोडली असती, तर पुढची जळायची पाळी आर्मेचरची होती.

पुतण्या मान खाली घालून ऐकत होता. त्याला मी बोललो नाही. ब्रेकर उडाला आणि जॅकवेल हवा ओढतोय अशा वेळी कुणीही तेच केलं असतं.

परत पाण्यात

चपटी केबल काढून टाकली. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलमधे, जोड अगदी नवा असता तरी, जाऊन-येऊन सहा मीटरवर ४६ अँपिअरला जवळपास १.२ व्होल्ट वाटेतच सांडतात. बारातले सव्वा गेले तर रेट्यात ते लगेच जाणवतं. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलला तेवढ्याच अंतरात ०.३ लागतात. लग हायड्रॉलिक पंचिंगनं दाबून घेतले, वर हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी). ६० अँपिअरचा ब्रेकर परत प्लसवर, बॅटरीच्या वीतभर अंतरात. तो तपासून घेतला, उत्तम होता.

होडी पाण्यात सोडली. वेग एकवरच मोटर आपणहून सुटली. पाचवर, प्रवाहाविरुद्ध, बॅटरीवर १२.४, मोटरीच्या प्लगपाशी ११.९, करंट ४६. हे तिन्ही आकडे ऑइलपेंटनं होडीच्या आतल्या बाजूला लिहून दिले. तात्यांना एक डीसी टाँग टेस्टर घ्यायला लावला. पाचव्या वेगाला ५०च्या वर दिसायला लागलं की काठाला या, बॅटरी सोडवा, पंखा काढा. बॅटरीबद्दलही सांगितलं. १५० भागिले ४६ करून तीन तास धरू नका. तो १५०चा आकडा वीस तास सावकाश वापरायच्या हिशेबाचा असतो, असा जोरात करंट ओढला तर बॅटरी तेवढं देत नाही. पूर्ण वेगात दीड तास झाला की फिरा माघारी.

मे महिन्यात पुतण्याचा फोन आला. संध्याकाळची वेळ होती, मागे जॅकवेलचा आवाज येत होता.

"काका, ब्रेकर उडला हुता."

"मग?"

"परत दाबला न्हाई. वल्हं मारत काठाला आलो, बॅटरी सोडिवली, पंखा काढला. पोत्याचा सुतळीचा तुकडा निघाला, आन् केंदाळाची मुळी. सीलच्या भायेरच हुता, आत गेला नव्हता. पंखा लावला, आता पंचेचाळीस दाखवतंय."

"शाफ्टपाशी पाणी-बिणी?"

"कोरडं हाय. बोट फिरवून बघितलं."